पाऊण तास चालून गाडी बंद, वीस मिनिटांनी पुन्हा चालू: जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंधन पंपाचं वायरिंग कसं तपासायचं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीशी जुळतं का ते लगेच कळेल. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. गावातून फिरते, मोठ्या रस्त्याला लागते, काही तक्रार नाही. पाऊण तासानं, बहुतेक वेळा चढावर, पिकअप जातो. अॅक्सिलरेटर दाबावा तर गाडी पुढं जायच्याऐवजी कुणी मागून धरल्यासारखी होते, दोन-तीन आचके देते आणि बंद. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. वीस मिनिटं झाडाखाली थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. गॅरेजमध्ये सोडली तर दिवसभर एकदाही बंद पडत नाही, आणि मेस्त्री म्हणतो, गाडीत काही नाही.

आमची गाडी १९८९ची, जपानी, दोन सीटची. मामा पूर्व आफ्रिकेतून कायमचे परत आले तेव्हा बरोबर घेऊन आलेले. आता ती बेळगावात, टिळकवाडीत माझ्याकडं असते. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा दोष एखाद्या कंपनीचा नाही. पस्तीस वर्षांचं वायरिंग, आमच्या खानापूर बाजूचा पाऊस आणि डिकीच्या आत झिरपणारं पाणी एकत्र आलं की कुठल्याही गाडीत हेच होतं. दोन वर्षांत या दुखण्यापायी आम्ही दोन पंप बदलले. दोन्ही वेळा महिनाभर बरं वाटलं आणि गाडी परत जांबोटीच्या पुढं रस्त्याच्या कडेला. जुने दोन्ही पंप नंतर मी टेबलावर तपासले. दोन्ही चांगले होते.

म्हणून कळकळीनं सांगतो, पंपाला हात लावायच्या आधी, गाडी ज्या क्षणी बंद पडते त्या क्षणी पंपाच्या दोन वायरींवर किती व्होल्ट येतात ते बघा. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या थंड गाडीवर घेतलेलं रीडिंग या दुखण्यात काहीच सांगत नाही.

पेट्रोलच थांबतंय, की ठिणगी?

गरम होऊन बंद पडणारी गाडी म्हणजे इंधन पंपच, असं नाही. इग्निशन मॉड्यूल आणि क्रँक सेन्सर, म्हणजे ठिणगी सांभाळणारे भाग, तेही गरम झाल्यावर असेच दगा देतात आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखे चालतात. यातला फरक रस्त्यावरच, हत्याराशिवाय कळू शकतो. गाडी बंद पडताना आरपीएमच्या काट्याकडं बघा. चाकं अजून इंजिन फिरवत असताना, म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना, काटा एकदम शून्यावर आपटला तर बहुधा ठिणगी गेलेली असते. काटा इंजिनच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला, आणि बंद पडायच्या आधी इंजिन अडखळलं, तर संशय पेट्रोलवर घ्यायचा. आमचा काटा दर वेळी हळूच उतरायचा. मी बघत होतो, पण त्याचा अर्थ लावायला वर्ष गेलं.

टाकीत पेट्रोल किती होतं तेही आठवून बघा. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. टाकी पाव भरली असतानाच गाडी बंद पडत असेल आणि भरलेली असताना कधीच नाही, तर तो वेगळा धागा आहे, तो आधी पकडा.

आणखी एक गोष्ट नवख्या माणसाला हमखास चुकवते. आजच्या गाडीत चावी ऑन केली की पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत तसं होत नाही. त्यांच्या हवा मोजणाऱ्या पेटीत एक झडप असते. इंजिन हवा ओढायला लागलं की झडप उघडते, आतला एक छोटा संपर्क जुळतो आणि तेव्हाच पंपाचा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागतो. सेल्फ मारताना वेगळ्या वायरीनं पंपाला करंट मिळतो. ही व्यवस्था अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपही थांबावा म्हणून आहे. तेव्हा अशा गाडीत चावी ऑन करून आवाज आला नाही म्हणून पंप मेला असं म्हणू नका. एअर फिल्टरचं झाकण काढा, चावी ऑन ठेवा, ती झडप बोटानं हळूच आत ढकला. मागून गुणगुण ऐकू आली पाहिजे. तपासणीच्या सॉकेटमध्ये जंपर, म्हणजे वायरीचा तुकडा, घालूनही पंप चालवता येतो. त्या काळातल्या टोयोटात सॉकेटमधले एफपी आणि प्लस बी हे पाय जोडतात, माझदाच्या पहिल्या एमएक्स-५मध्ये एफपी आणि जीएनडी. दोन्हींची पद्धत उलटी आहे, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल बघितल्याशिवाय वायर घालू नका.

करंटचा रस्ता

बॅटरी, मोठा फ्यूज, मुख्य रिले, पंपाचा फ्यूज, पंपाचा रिले, मग गाडीच्या लांबीभर गेलेली वायर, डिकीतला कनेक्टर, टाकीच्या झाकणातून आत, पंप. तिथून परत वर, डिकीच्या पत्र्यावर एका बोल्टला अर्थ (म्हणजे अर्थिंग, करंटचा परतीचा जोड), आणि पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला. साधारण डझनभर जोड झाले. पंप पाच-सहा अँपिअर ओढतो. एकेका जोडाला थोडा थोडा गंज लागला तरी शेवटी पंपाच्या वाट्याला दहा व्होल्ट राहतात. सपाट रस्त्याला तेवढ्यावर गाडी चालते, कारण तिथं पेट्रोल कमी लागतं. चढावर इंजिनची मागणी वाढते, पंप पुरवू शकत नाही. गाडी कणकुंबीच्या चढालाच का रडते याचं उत्तर यात आहे.

मीटर कुठं फसवतो

माझी पहिली चूक इथं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पंपाचा कनेक्टर काढला, त्यात डिजिटल मीटरच्या सुया घातल्या, सेल्फ मारायला सांगितलं, मीटरनं जवळपास बॅटरीएवढेच व्होल्ट दाखवले. म्हटलं, वायरिंग ठीक, पंपच गेला. आणि दुसरा पंप आणला.

शहापुरात एक वयस्कर इलेक्ट्रिशियन काका आहेत, आयुष्यभर ट्रकांचं वायरिंग केलेले. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी मीटर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मीटरला काय विचारतोस रे? तो कुठं करंट ओढतोय? हेडलाइटचा बल्ब लाव की, तो खरं सांगतंय बघ."

अगदी तसंच आहे. डिजिटल मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीचे सगळे तार तुटून एकच केसासारखा तार राहिला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्यातून पाच अँपिअर जायला लागले की मगच तिथं व्होल्टेज पडतं. ओहम मोजूनही हे सापडत नाही, कारण इथं शोधायचा रोध अर्ध्या ओहमच्याही खालचा असतो आणि मीटरच्या स्वतःच्या सुयांचाच रोध त्याच्या आसपास जातो.

५५ वॅटचा हेडलाइट बल्ब बारा व्होल्टला साडेचार अँपिअरच्या जवळपास घेतो, म्हणजे पंपाएवढाच भार. पंपाचा कनेक्टर काढून त्याच्या जागी असा बल्ब जोडला आणि सर्किट चालू केलं की वायरिंगची खरी ताकद डोळ्यांना दिसते. बॅटरीवर तोच बल्ब थेट लावून बघा, मग पंपाच्या कनेक्टरवर. आमच्याकडं पहिल्यात पांढरा उजेड होता, दुसऱ्यात रॉकेलच्या कंदिलासारखा पिवळा. दोन वर्षांचं कोडं त्या एका पिवळ्या उजेडात होतं.

पण सांभाळून. बल्ब तापतो आणि ठिणगीही होऊ शकते. टाकीचं झाकण उघडं असताना, किंवा डिकीत पेट्रोलचा वास येत असताना हे करायचं नाही. आम्ही लांब वायरी जोडून बल्ब गाडीच्या बाहेर, चार हातांवर ठेवला होता, डिकी तासभर उघडी ठेवून वारा जाऊ दिला होता, आणि शेजारी आगविझवं नळकांडं होतं. टाकीजवळ कुठलाही जोड काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं. इंजेक्शनच्या लाइनमध्ये गाडी बंद असतानाही अडीच-तीन बार दाब उरलेला असतो, तेव्हा पेट्रोलचा पाइप सोडायचा असेल तर आधी दाब उतरवा आणि चिंधी धरा.

मीटर गाडीत बसवून फिरलो

बल्बनं वायरिंग कमजोर आहे एवढं कळलं, पण कुठं, ते नाही कळलं. मग मी पंपाच्या कनेक्टरच्या दोन पायांना मागून दोन बारीक वायरी जोडल्या. प्रत्येकीत, पंपाच्या टोकाजवळच, एक अँपिअरचा फ्यूज घातला, म्हणजे वायर पत्र्यात चेपली तरी आग लागू नये. वायरी सीटच्या मागून केबिनमध्ये आणल्या. तिसरी वायर बॅटरीच्या प्लसवरून, तीही फ्यूज घालून, आणि चौथी बॅटरीच्या निगेटिव्हवरून. चारही टोकांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मीटर डॅशबोर्डवर टेपनं बसवला. मामेभाऊ शेजारी बसून आकडे लिहायला तयार.

घरून निघताना बॅटरी १३.९ व्होल्ट, पंपावर ११.२. म्हणजे २.७ व्होल्ट रस्त्यातच गळत होते. आता गळती कुणीकडं आहे हे शोधायला वायरी अदलाबदल करायच्या. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पंपाच्या प्लसवर, पंप चालू असताना: ०.९. मग बॅटरीचं निगेटिव्ह आणि पंपाचं निगेटिव्ह: १.८. दोन्ही मिळून २.७, हिशेब जुळला. लोक सगळा वेळ प्लसच्या वायरीत घालवतात आणि आमची दोन तृतीयांश गळती अर्थमध्ये होती.

चांगल्या गाडीत प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आसपास, आणि अर्थच्या बाजूला एक-दोन दशांश, एवढंच पडायला हवं. त्यापेक्षा जास्त दिसलं की त्या बाजूला रस्ता अर्धा-अर्धा करत जायचं. सुई एकेक जोड पुढं सरकवायची. ज्या जोडाच्या अलीकडं कमी आणि पलीकडं एकदम जास्त, तो जोड चोर.

जांबोटी ओलांडेपर्यंत पंपावरचे ११.२चे १०.६ झाले. कणकुंबीच्या अलीकडच्या चढाला ९.८. तिथं गाडीनं पहिला आचका दिला. भाऊ आकडे ओरडून सांगत होता आणि मला, खरं सांगतो, गाडी बंद पडत असतानाही आनंद होत होता. पहिल्यांदाच ती काय म्हणतेय ते कळत होतं.

डिकीतला एक बोल्ट

डिकीतला गालिचा उचलला, बाजूचं पुठ्ठ्याचं पॅनेल काढलं. टेललाइटच्या मागं, पत्र्याला १० नंबरच्या पान्याचा एक बोल्ट. त्याखाली तीन थिंबल (वायरीच्या टोकाला दाबलेल्या कड्या) एकावर एक, त्यातलं तळाचं पंपाचं. वरून बघितलं तर सगळं घट्ट आणि स्वच्छ. बोल्ट सोडला तेव्हा तळाच्या थिंबलाखाली पत्रा तपकिरी झालेला, खवले सुटत होते, आणि थिंबलाची खालची बाजू काळीनिळी पडलेली. वायरीचं प्लास्टिक थिंबलापासून बोटभर कडक झालं होतं, वाकवलं तर तडकलं.

का, ते हिशेबात दिसतं. आमचा पंप ५.२ अँपिअर घेत होता. १.८ व्होल्ट गुणिले ५.२ म्हणजे नऊ वॅटच्या वर उष्णता त्या एवढ्याशा जागी तयार होत होती. गरम झालं की अशा गंजलेल्या जोडाचा रोध वाढतो, रोध वाढला की आणखी गरम होतं. पाऊण तास लागायचा तो यासाठी. आणि वीस मिनिटांत थंड झालं की गाडी सुरू.

दुरुस्तीत अवघड काही नाही, पण अर्धवट करू नका. पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, रंगाचा ठिपकाही ठेवला नाही. जुनं थिंबल कापून टाकलं, वायर ताजं तांबं दिसेपर्यंत मागं कापली, नवीन थिंबल पक्कडनं नाही तर क्रिम्पिंगच्या हत्यारानं दाबलं, वर तापवून आवळणारी नळी चढवली. दातेरी वायसर घातला. बोल्ट आवळून झाल्यावर मगच वरून पेट्रोलियम जेली, आधी नाही. शिवाय पंपाच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक स्वतंत्र जाड वायर ओढली. अर्थच्या बाजूचे १.८चे ०.१ झाले.

गंज तिथं का आला तेही बघा, नाहीतर दोन पावसाळ्यांत परत तेच. आमच्या डिकीचं रबर कडक होऊन एका कोपऱ्यात बसत नव्हतं. जूनपासून तिथून पाणी थेट त्या बोल्टावर उतरत होतं. रबर बदललं.

संशयच दूर करायचा असेल तर एक झटपट चाचणी आहे. पंपाच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती लांब वायर जोडून गाडी त्याच चढाला न्या. दुखणं थांबलं तर दोष अर्थचाच.

तीन आठवड्यांनी परत

मी मामांना फोन करून गाडी बरी झाली म्हणून सांगून टाकलं होतं. आणि एका दुपारी जांबोटीच्या बाजारापुढं गाडी बंद पडली. या वेळी आचके नाहीत, आधी पिकअप कमी होणं नाही. चालता चालता पेट्रोल एकदम तुटलं.

सुदैवानं मीटरच्या वायरी मी काढल्या नव्हत्या. सेल्फ मारून बघितलं: पंपाच्या दोन पायांत शून्य. इथं दोन शक्यता असतात आणि त्यांच्यात फरक करणं सोपं आहे. सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा आणि पंपाचे दोन्ही पाय एकेक करून तपासा. प्लसच्या पायावर काहीच नाही, तर करंट पंपापर्यंत येतच नाही: फ्यूज, रिले किंवा वायर. प्लसच्या पायावर पूर्ण व्होल्टेज आणि निगेटिव्हच्या पायावरही पूर्ण व्होल्टेज, तर अर्थ तुटलाय. दुसरी गोष्ट पहिल्यांदा दिसली की माणूस गोंधळतो, पण ती बरोबर आहे; पंपातून करंट पलीकडं जायलाच जागा नाही, म्हणून दोन्हीकडं सारखंच दिसतं.

आमच्याकडं पहिलं होतं. फ्यूज शाबूत. डॅशबोर्डखाली हात घालून पंपाच्या रिलेवर पेचकसाच्या मुठीनं दोनदा टकटक केलं, आणि सेल्फ मारताच गाडी सुरू झाली. घरी येऊन रिलेचं झाकण काढलं.

रिलेच्या आतली पाटी (सर्किट बोर्ड) आधी नुसत्या डोळ्यांनी बघितली, काही दिसलं नाही. मग दुपारच्या उन्हात, भिंग लावून, पाटी तिरपी धरून बघितलं. जाड पायाभोवतीच्या डाखेत (सोल्डरमध्ये) केसासारखी बारीक काळी गोल रेघ होती, पूर्ण वर्तुळ. पाय आणि डाख एकमेकांना टेकलेले होते, जोडलेले नव्हते. वर्षानुवर्षं तापून-थंडावून तांब्याचं आणि डाखेचं प्रसरण वेगवेगळं होत राहतं आणि शेवटी अशी भेग पडते. थंड असताना टेकून असते, गरम झाली की उघडते.

हा प्रकार एका गाडीचा नाही. पोर्शा ९४४चा डीएमई रिले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पंपाला करंट देणारा, जगभर याच भेगेसाठी माहीत आहे, आणि त्या गाडीचे मालक ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जादा रिले ठेवूनच प्रवासाला निघतात. ऐंशीच्या दशकातली कुठलीही पाटीवाली रिले असेल तर झाकण काढून बघाच.

जुनी डाख पूर्ण ओढून काढायची, पाय घासून स्वच्छ करायचा, फ्लक्स लावायचं आणि ६०/४०ची (कथील-शिशाची) ताजी डाख भरायची. नुसतं वरून तापवून पुन्हा वितळवलेली डाख काही महिन्यांत परत सुटते. रिलेचे संपर्क काळे पडलेले असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवीन घ्या. साध्या चार पायांच्या रिलेत ३० आणि ८७ या पायांतून पंपाचा करंट जातो, ८५ आणि ८६ मध्ये कॉइल असते. कॉइलचा रोध साधारण ६० ते १०० ओहम भरायला हवा. पण बऱ्याच जुन्या जपानी आणि जर्मन गाड्यांत कॉइल दोन असतात, पाय जास्त असतात, तिथं बाजारातली साधी रिले ठोकून बसवायची नाही.

बसवण्याआधी टेबलावर परीक्षा घेतली. रिलेला बॅटरीवरून करंट दिला, पुढं तोच ५५ वॅटचा बल्ब जोडला, आणि केस वाळवायच्या यंत्रानं रिलेवर दहा मिनिटं गरम हवा सोडली. बल्ब हलला नाही. दुरुस्तीआधी हीच परीक्षा केली होती तेव्हा चौथ्या मिनिटाला बल्ब विझला होता. रिले बसवल्यावर प्लसच्या बाजूची गळतीही ०.९वरून ०.४वर आली.

बाकी जागा, थोडक्यात

फ्यूज. जुन्या युरोपीय गाड्यांतले टोकदार फ्यूज टोकांना गंजतात आणि पट्टी शाबूत दिसते. बोटांत धरून फिरवा, आणि शक्यतो सगळे नवीन घाला. १५चा फ्यूज उडतो म्हणून ३०चा कधीही घालू नका. मग फ्यूजच्या जागी वायर जळते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीकडं जाते.

डिकीतला कनेक्टर. आतल्या पितळी पाकळ्या सैल होतात, प्लास्टिक तपकिरी होतं. पाकळी बारीक सुईनं आवळता येते, पण प्लास्टिक वितळलं असेल तर कनेक्टर बदला. पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं इथं चालणार नाही.

इनर्शिया स्विच. फोर्ड आणि कित्येक ब्रिटिश व इटालियन गाड्यांत धक्का बसला की पंप तोडणारा एक स्विच असतो, बहुधा डिकीत किंवा पायाशी. खड्ड्यातून जोरात गेल्यावर गाडी बंद पडली आणि थांबूनही सुरू होईना, तर आधी त्याचं बटण दाबून बघा.

चोरीचा अलार्म. नव्वदच्या दशकात बसवलेले बरेच अलार्म पंपाचीच वायर कापून त्यात स्वतःची हलकी रिले घालतात. डॅशबोर्डखाली निळे-लाल चिमटे लावलेल्या परक्या वायरी दिसल्या तर त्या काढून मूळ वायर नीट जोडून घ्या. पाच जणांना मी हे सांगितलं, त्यातल्या दोघांचं दुखणं तिथंच संपलं.

इग्निशनचा स्विच. चावी थोडी हलवली की गाडी अडखळते का बघा. चावीला किल्ल्यांचा जुडगा अडकवू नका.

पंपच गेला असेल तर

पंपावर तेरा व्होल्ट, अर्थ पक्का, तरी दाब येत नाही, तेव्हा पंपाकडं वळायचं. फ्यूजच्या जागी मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर लावून करंट बघा, किंवा डीसी मोजणारा क्लॅम्प असेल तर वायर न तोडता. इंजेक्शनचा चांगला पंप साधारण चार ते सात घेतो. दहाकडं जात असेल तर पंप आतून जड झालाय किंवा फिल्टर तुंबलाय; आधी स्वस्त वस्तू, म्हणजे फिल्टर, बदला. व्होल्टेज पूर्ण आणि करंट शून्य, तर पंपाच्या मोटरचे कार्बन (ब्रश) संपलेत.

नवीन पंप घालताना टाकीच्या आतल्या छोट्या वायरी आणि नळीही बघा. आता आपल्याकडं मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्याच्या उसाला त्यातून भाव मिळतो ही चांगलीच गोष्ट, पण १९८९ची रबरी नळी त्यासाठी केलेली नाही. ती फुगते, मऊ पडते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या पितळी जोडांना ते मानवत नाही. टाकीत बुडणारी नळी आणि वायर दोन्ही त्यासाठीच बनवलेल्या घ्या. बाहेरच्या पाइपासाठी मिळणारी साधी नळी टाकीच्या आत घालू नका. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही.

आमच्या गाडीत दुसऱ्यांदा घातलेला पंपच अजून आहे. जादा रिले, दोन फ्यूज, ५५ वॅटचा बल्ब आणि पाच मीटर वायर एका डब्यात सीटमागं असतात. मीटरच्या चार वायरीही तशाच ठेवल्यात. मामा आता फारसं हिंडत नाहीत, पण आम्ही घाटाला गेलो की संध्याकाळी त्यांचा फोन येतो आणि जेवलास का याच्या आधी विचारतात, "किती दाखवत होतं?" गेल्या रविवारी मलप्रभेच्या उगमापाशी, कणकुंबीच्या देवळासमोर, तासभर चढ चढून आल्यावर पंपावर १३.३ होते.